चीफ्सबरोबर परत मॅच, ती पण त्यांच्याच मैदानावर. टेक्सन्सला खरंच चान्स आहे का?

एमएच२४_टेक्सन (लातूर)

राम राम मंडळी. अमेरिकन फुटबॉल बघणारे आपल्याकडं कमीच, पण जे आहेत ते जीव लावून बघतात म्हणून विचारायलोय.

रविवारी १९ जानेवारी २०२५ ला पहाटे ३ वाजता (तिकडं शनिवारची दुपार) ह्यूस्टन टेक्सन्स विरुद्ध कॅन्सस सिटी चीफ्स. डिव्हिजनल राउंड, म्हणजे प्लेऑफचा दुसरा राउंड, हरला तो घरी. मी टेक्सन्सवाला. राहायला लातूरला, कामाचा क्लायंट ह्यूस्टनचा, थोरला भाऊ पण तिकडंच, त्यामुळं टीम कोणती धरायची हा प्रश्नच आला नाही. मागच्या आठवड्यात चार्जर्सला ३२-१२ नं हरवल्यापासून डोक्यात दुसरं काही नाही, कामाच्या कॉलवर असलो तरी मनात हीच मॅच चालू असते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, २१ डिसेंबरला ह्याच मैदानावर ह्याच टीमकडून आपण २७-१९ नं हरलोय. आता लोक स्कोअर बघून म्हणायलेत की आठच पॉइंट, म्हणजे टफ दिली. मी ती पूर्ण पाहिलीये आणि मला ती मॅच अजून पचली नाही. त्यांचा क्वार्टरबॅक (पास टाकणारा मुख्य गडी) महोम्स, त्याचा घोटा त्याच्या आधीच्या रविवारी क्लीव्हलँडला मुरगळलेला, आठवडाभर चर्चा की खेळतो का नाही, आणि गडी पहिल्याच ड्राइव्हला (बॉल आपल्याकडं असतानाची एक चाल) स्वतः बॉल घेऊन १५ यार्ड पळाला आणि टचडाउन (बॉल समोरच्याच्या एंड झोनमधी, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात नेणं) करून आला. तरी आपली पोरं सोडत नव्हती. तिसऱ्या क्वार्टरला आपला क्वार्टरबॅक स्ट्राउड, त्यानं ३० यार्डांचा पास टाकला, टँक डेलनं एंड झोनमधी झेप घेऊन धरला, टचडाउन झाला, मी इकडं खुर्चीतून उठलो, आणि डेल काही उठंना. आपल्याच टीमच्या खेळाडूला धडकून गुडघा गेला त्याचा. स्ट्रेचर आलं, सगळी टीम गुडघ्यावर बसली, कॅमेरा स्ट्राउडवर गेला तर त्याच्या डोळ्यात पाणी. मॅच तोवर अटीतटीची होती, त्यानंतर अंगातलं वारंच गेलं सगळ्यांच्या.

आता माझं म्हणणं असं की ती मॅच आपण ताकदीत कमी पडलो म्हणून गेली का त्या दिवशी जे झालं त्यानं गेली हे ठरल्याशिवाय रिमॅचचा अंदाज लागत नाही. आपला डिफेन्स खरा दमदार आहे. डॅनिएल हंटरचे ह्या सीझनला १२ सॅक (क्वार्टरबॅकला पास टाकायच्या आधीच पाडणं), विल अँडरसनचे ११, दोन्ही बाजूनं असे दोन गडी फार कमी टीमकडं आहेत. चीफ्सकडं लेफ्ट टॅकलला (क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या लाइनमधली डावी टोकाची जागा) माणूसच टिकंना म्हणून जो थुनी त्यांचा गार्ड (लाइनमधला आतला गडी), त्याला सरकवून तिथं उभा केलाय. आणि चीफ्सचा १५-२ (१५ जिंकल्या, २ हरल्या) हा आकडा दिसतो मोठा पण आत बघा, ब्रॉन्कोजची शेवटची किक ब्लॉक झाली म्हणून १६-१४, रेडर्सचा स्नॅप (क्वार्टरबॅककडं मागं दिलेला बॉल) शेवटी हातातून सुटला म्हणून १९-१७, चार्जर्सबरोबर त्यांचीच किक खांबाला लागून आत पडली म्हणून परत १९-१७. अशी टीम हरू शकते. बिल्सनी ३०-२१ नं हरवलंच ना.

पण मग आपल्याकडं बघितलं की पोटात गोळा येतो. स्ट्राउडला सीझनभरात ५२ वेळा सॅक केलंय. पास धरणाऱ्या रिसीव्हरपैकी स्टेफॉन डिग्ज ऑक्टोबरातच जखमी होऊन बाहेर गेला, डेल गेला, उरला एकटा निको कॉलिन्स. नाताळाला रेव्हन्सनी घरच्या मैदानावर ३१-२ नं मारलं, ती नेटफ्लिक्सवर होती म्हणून माझ्या मित्रांनी पण बघितली आणि सकाळी सगळ्यांचे मेसेज. शिवाय ह्या राउंडला आपण आजवर पाच वेळा आलो आणि पाचही वेळा हरलो. ३२ टीममधी कॉन्फरन्सची फायनल कधीच न खेळलेली आपली एकटीच टीम. जानेवारी २०२० तर मी विसरू शकत नाही, ह्याच चीफ्सविरुद्ध ह्याच मैदानावर २४-० पुढं होतो, हाफटाइमला २८-२४ मागं, आणि संपली ५१-३१.

तर जाणकारांनी सांगा, एका सीझनमधी दुसऱ्यांदा भेटल्यावर फायदा आधी हरलेल्याला असतो का जिंकलेल्याला? मनाला बरं वाटावं म्हणून सांगू नका, जे वाटतं ते सांगा.

गोदाकाठ (नांदेड)

दादा, पोस्ट वाचली, एकदम मनातलं लिहिलंत. मी जेट्सवाला आहे त्यामुळं रिमॅच ह्या विषयावर मला बोलायचा हक्क आहे बघा.

६ डिसेंबर २०१०, सोमवार रात्रीची मॅच, पेट्रियट्सनी आम्हाला ४५-३ नं हरवलं. ४५-३. आणि १६ जानेवारी २०११ ला डिव्हिजनल राउंडला, तिथंच, त्याच मैदानावर, आम्ही त्यांना २८-२१ नं हरवलं. सहा आठवड्यांत हे झालं. केलं काय तर आमचा कोच रेक्स रायन, त्यानं ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर जादा माणसं सोडणं) कमी केले, मागं माणसं जास्त ठेवली, त्यांचा क्वार्टरबॅक ब्रेडी, त्याला बघावं तिकडं कुणीतरी उभाच, बॉल हातात धरून बसायला लागलं आणि पाच वेळा सॅक झाला. त्याच्या आधी ब्रेडीनं ३३५ पास एकही इंटरसेप्शन (समोरच्या टीमनं पास धरणं) न देता टाकले होते, ती मालिका पण आमच्याच डेव्हिड हॅरिसनं त्या दिवशी तोडली. म्हणजे पहिल्या मॅचचा निकाल काय लागला त्यापेक्षा त्या मॅचमधून कोचनं काय उचललं ते महत्त्वाचं.

दुसरं उदाहरण तर सगळ्यांना माहीतये. २००७ चा सीझन, २९ डिसेंबरला पेट्रियट्सनी जायंट्सला ३८-३५ नं हरवून १६-० केलं. ती मॅच जायंट्सला जिंकायची गरजच नव्हती, जागा आधीच पक्की होती, तरी त्यांचा कोच टॉम कॉफलिन, त्यानं मुख्य खेळाडू बसवले नाहीत, जीव तोडून खेळले. आणि ३ फेब्रुवारी २००८ ला सुपर बोलमधी तेच पेट्रियट्स १८-० करून आलेले आणि जायंट्स १७-१४ नं जिंकले. लोकांना डेव्हिड टायरीनं हेल्मेटला दाबून धरलेला कॅच आठवतो पण मॅच जिंकली ती समोरच्या चौघांनी. स्ट्राहान, टक, उमेन्योरा ह्यांनी ब्रेडीला श्वास घेऊ दिला नाही, पाच सॅक. पाच माणसं ब्लॉक करायला असताना चारच माणसांनी क्वार्टरबॅकपर्यंत पोचायचं आणि बाकी सात मागं ठेवायचे, मोठ्या क्वार्टरबॅकला हरवायचा हाच रस्ता आहे, दुसरा मला तरी माहीत नाही.

आणि तुमच्याकडं हंटर आणि अँडरसन आहेत म्हणजे हा रस्ता तुमच्याकडं आहे. म्हणून मी म्हणतो चान्स आहे.

फक्त एक गोष्ट मला खटकायलीये ती पण सांगतो. जायंट्सचा त्या वर्षीचा डिफेन्सचा कोच कोण होता? स्टीव्ह स्पॅग्नुओलो. आज तो कुठंय? चीफ्सकडं, त्यांचा डिफेन्स त्याच्याच हातात. म्हणजे कमजोर टीम मोठ्याला कशी पाडते हे ज्यानं स्वतः करून दाखवलंय तो माणूस तुमच्या समोर बसलाय.

अंबाजोगाईकर

गोदाकाठ दादांचं सगळं वाचलं, अभ्यास भारी आहे, पण मला ही जुनी उदाहरणं ह्या मॅचला लागू होतात असं वाटत नाही. जेट्स जिंकले, जायंट्स जिंकले म्हणून आपण ती लक्षात ठेवतो. ज्या टीम डिसेंबरात हरल्या आणि जानेवारीत परत त्याच टीमकडून हरल्या त्यांची नावं कुणी सांगतं का? त्या कितीतरी जास्त असतील.

मी पुण्यात असताना ऑफिसच्या अमेरिकन टीमलीडमुळं बघायला लागले, माझी टीम कुठलीच नाही, मला लाइनमधली झटापट बघायला आवडते, बॉल कुठं चाललाय हे मी रिप्लेला बघते. तर त्या नजरेनं सांगते.

२१ डिसेंबरच्या मॅचमध्ये चीफ्सच्या डिफेन्सच्या लाइनमधल्या ख्रिस जोन्सची पोटरी दुखावली आणि तो बाहेर गेला, त्यानंतर लीगमधल्या राहिलेल्या मॅच तो खेळलाच नाही. आता परत येतोय, आणि ताजातवाना येतोय. तुमच्या लाइनचं दुखणं मध्येच आहे, गार्डच्या जागेवर सीझनभर माणसं बदलत राहिली. बाहेरून येणारा रशर (क्वार्टरबॅकवर धावून येणारा) क्वार्टरबॅकला दिसतो, तो पुढं सरकून निसटू शकतो. जोन्स मधूनच येतो, आणि मधून आलेल्या माणसापुढं स्ट्राउडला पाय टाकायलाच जागा राहत नाही, मग पास उंच जातो किंवा बॉल धरून खाली बसतो. ५२ सॅक म्हणता ना, त्यातल्या बऱ्याच सॅकमध्ये सुरुवात मधूनच झालेली दिसेल तुम्हाला, परत बघा.

त्यात स्पॅग्नुओलो. तो नेहमी चारच माणसं पाठवत नाही. थर्ड डाउनला (तिसऱ्या प्रयत्नाला) लाइनवर सहा-सात जण उभे करतो, त्यातले कोण येणार कोण मागे जाणार हे स्नॅप होईपर्यंत कळत नाही, कधी कधी कोपऱ्यातला कॉर्नरबॅकच धावत येतो. अशा वेळी लाइनमधल्या पाच जणांचं एकमेकांशी बोलणं पक्कं लागतं, आणि तेच तुमच्याकडं डळमळीत आहे. त्यात आवाज. ॲरोहेड स्टेडियमला २०१४ मध्ये १४२.२ डेसिबल मोजलाय, गिनेसमध्ये नोंद आहे. शेजारच्याचं ऐकू येत नाही तिथं स्नॅप काउंट (बॉल कधी द्यायचा त्याची हाक) काय ऐकणार.

आणि विश्रांतीचं कुणी बोलत नाहीये. चीफ्सनी शेवटच्या आठवड्यात मुख्य खेळाडू बसवले, डेन्व्हरला ३८-० नं हरले, त्यांना फरक पडला नाही, मग पहिल्या राउंडला बाय, म्हणजे सुट्टी. महोम्स २५ डिसेंबरनंतर मैदानात उतरलेलाच नाही. घोटा दुखत असताना ज्यानं तुम्हाला पळून दाखवलं तो आता साडेतीन आठवडे आराम करून येतोय, आणि त्यांच्या हेड कोच अँडी रीडला तयारीला जादा वेळ मिळाला की तो काय करतो हे सगळी लीग जाणते.

म्हणून फायदा जिंकलेल्याला की हरलेल्याला ह्या प्रश्नाला माझ्या मते अर्थ नाही. ज्याची दुखणी मधल्या काळात बरी झाली त्याला फायदा. आणि ते चीफ्स आहेत. दादा, वाईट वाटून घेऊ नका, तुम्हीच म्हणालात खरं सांगा.

परभणीचा_शेतकरी

मला ह्या खेळातलं निम्मं कळत नाही पण पुतण्यानं नाद लावला. शेतीची लाइट ह्या आठवड्यात रात्रीची आहे, हरभऱ्याला पाणी द्यायला जागाच असतो, बांधावर बसून मोबाईलवर बघतो, म्हणून पहाटे ३ ची मॅच मला सोयीची हाय.

एक विचारू का. एकदा हरवलंय ना, मग परत काहून खेळायचं? आणि आपल्या आयपीएलला क्वालिफायर हरला तरी एक चान्स राहतो तसं इथं नाही का?

माझं मत विचाराल तर, माळेगावच्या जत्रंत मी कुस्त्या लय पाहिल्या. एकदा चितपट झालेला पैलवान दुसऱ्यांदा त्याच गड्याबरं उतरला का पहिली दोन मिनिटं हात आखडता घेतो, त्याला मागचा डाव आठवतो. पण ती दोन मिनिटं निभली ना, मग त्याला समोरच्याची पकड माहीत असती आणि समोरचा मात्र जुन्याच डावाची वाट बघत राहतो. तव्हा मला वाटतं पहिल्या क्वार्टरला तुम्ही फार मागं पडला नाहीत तर मजा हाय.

एमएच२४_टेक्सन (लातूर)

@परभणीचा_शेतकरी मामा, बरं झालं विचारलंत. हे दोन्ही एकाच बाजूचे, एएफसीचे. लीगमधी दोघांची एक मॅच ठरलेली होती ती डिसेंबरात झाली. प्लेऑफ वेगळं, दोन्ही बाजूच्या सात-सात अशा १४ टीम येतात, आपापल्या बाजूला पहिला नंबर असलेली टीम पहिला राउंड न खेळता पुढं जाते, ती चीफ्स. आपण १०-७ करून आपला डिव्हिजन जिंकला, चौथा नंबर, म्हणून चार्जर्सबरोबर खेळावं लागलं. दुसरा चान्स बिलकुल नाही, एक मॅच, विषय संपला. कमजोर टीमसाठी हेच बरंय, सात मॅचची सिरीज असती तर मी हा प्रश्न विचारलाच नसता.

@अंबाजोगाईकर ताई, जोन्सचं तुम्ही म्हणालात ते रात्री परत मॅच लावून बघितलं. बरोबर आहे तुमचं, मधूनच येतंय सगळं. पण एक सांगू का, लाइन अशीच असताना पण आपण १० मॅच जिंकल्या, म्हणजे काहीतरी तोड आहेच. ती ह्या मॅचला चालंल का हा प्रश्न आहे.

उदगीर_टू_केटी

मी मूळचा उदगीरचा, आता ह्यूस्टनजवळ केटीला राहतो. चार्जर्सच्या मॅचला एनआरजी स्टेडियममध्येच होतो, वरच्या मजल्यावर, एंड झोनच्या मागं. तिथं जे पाहिलं ते सांगतो म्हणजे ताईंच्या प्रश्नाचं थोडं उत्तर मिळेल.

दुसरा क्वार्टर, चार्जर्स ६-० पुढं, आपलं काहीच चालत नव्हतं, लोक चिडायला लागलेले, माझ्या पुढच्या रांगेतला म्हातारा माणूस उठून जायच्या तयारीत. थर्ड अँड १६, म्हणजे तिसरा प्रयत्न आणि १६ यार्ड हवे. स्नॅप खाली आला, स्ट्राउडच्या हातात बसलाच नाही, बॉल जमिनीवर. सगळ्या स्टेडियमनं श्वास रोखला कारण बॉल आपल्याच गोलच्या बाजूला होता, तिथं चार्जर्सला मिळाला असता तर १३-० झालं असतं. स्ट्राउडनं वाकून उचलला, घाबरून खाली पडला नाही, उजवीकडं पळाला, पळता पळताच मान वर करून बघितलं आणि झेवियर हचिन्सनला टाकला, ३४ यार्ड. त्याच ड्राइव्हला कॉलिन्सचा टचडाउन झाला आणि तिथून मॅच फिरली ती फिरलीच. मला त्या प्लेमध्ये दिसलं काय तर ह्या पोराचं डोकं गडबडीत शांत राहतं. सीझनभर एवढा मार खाल्ला तरी त्याची नजर अजून वरच आहे, खाली रशरकडं गेली नाही. मार खाऊन खाऊन भल्याभल्या क्वार्टरबॅकची नजर खाली जाते.

आणि डिफेन्स. हर्बर्टनं सगळ्या सीझनला मिळून ३ इंटरसेप्शन दिलेले, ह्या एका मॅचला ४. स्टिंगली आणि लॅसिटर हे दोन कॉर्नर रिसीव्हरच्या अंगाला चिकटून होते, एरिक मरेनं तर एक परत नेऊन टचडाउन केला. महोम्स म्हणजे हर्बर्ट नाही हे मान्य, तो अशा वेळी छोटे पास टाकत बसतो, पास धरणाऱ्या केल्सीला मधल्या रिकाम्या जागेत शोधतो, घाई करत नाही. ह्या सीझनला चीफ्स लांब लांब टचडाउन करतच नाहीत, पाच यार्ड, सहा यार्ड, चार यार्ड असं करत येतात. पण म्हणूनच त्यांचा स्कोअर फार वाढत नाही, आणि म्हणूनच त्यांच्या एवढ्या मॅच शेवटच्या दोन मिनिटांपर्यंत जातात. २००७ च्या पेट्रियट्ससारखी ही टीम पॉइंटचा पाऊस पाडणारी नाही. आपल्याला ३५ करायची गरजच नाही, २० केले तरी मॅचमध्ये राहू.

माझा प्लॅन विचाराल तर बॉल घेऊन पळणारा आपला जो मिक्सन, त्याला बॉल द्या. चार्जर्सला त्यानं १०६ यार्ड मारले. पहिल्या आणि दुसऱ्या डाउनला पळा, थर्ड डाउनला दोन-तीन यार्डच उरतील असं बघा, म्हणजे स्पॅग्नुओलोचे ते सात जण उभे करायचे खेळ चालतच नाहीत. ते खेळ लांबच्या थर्ड डाउनचे आहेत. ताई, स्ट्राउडला जोन्सपासून वाचवायची हीच एक तोड, त्याला पास टाकायलाच कमी लावा.

थंडीचं मात्र मला टेन्शन आहे. आपलं स्टेडियम छत बंद करून एसीत चालतं आणि कॅन्सस सिटीला शनिवारी कडाक्याची थंडी सांगतायत. थंडीत बॉल दगड होतो, किकरच्या पायाला लागतो. आपले जे पॉइंट येतात त्यातले लई आपला किकर फेअरबर्नच्या पायातून येतात हे विसरू नका.

गोदाकाठ (नांदेड)

केटीवाल्या भाऊंचं पटलं. अजून एक भर घालतो, टेक्सन्सचा हेड कोच डेमेको रायन्स. २०२२ च्या ऑक्टोबरात तो फोर्टीनाइनर्सचा डिफेन्स सांभाळत होता तेव्हा महोम्सनी ४४-२३ नं मारलेलं. त्यानंतर परत ह्या डिसेंबरला. म्हणजे हा कोच ह्या क्वार्टरबॅकला ओळखून आहे, आणि दर वेळी आधीपेक्षा कमी पॉइंट देत आलाय. डिसेंबरला चीफ्सचे २७ झाले, घोटा दुखणाऱ्या महोम्सचे. ह्या वेळी २० च्या खाली ठेवले तर मी म्हणेन त्यानं त्याचं काम केलं. पुढचं स्ट्राउड आणि लाइनच्या हातात.

एमएच२४_टेक्सन (लातूर)

सगळ्यांचं वाचून, दोन रात्री विचार करून माझं मत ठरलंय ते लिहून ठेवतो.

डिसेंबरच्या मॅचला मी आता फार किंमत देत नाही. त्या दिवशीचा डेल आज नाही, त्या दिवशीचा दुखरा महोम्स आज नाही, जोन्स अर्धाच होता तो पूर्ण येणार. त्या मॅचमधून एकच गोष्ट पुढं येते ती म्हणजे आपला डिफेन्स त्यांच्यापुढं उभा राहू शकतो, लाजायचं कारण नाही. आणि ह्या मॅचचा निकाल महोम्स विरुद्ध अँडरसन-हंटर इथं लागणारच नाही, तिथं आपण बरोबरीत आहोत. निकाल लागणार आपल्या पाच लाइनमनवर. आपले डोळे सगळ्यांचे महोम्सवर असतात पण ज्याला टेक्सन्सचं काय होणार हे बघायचंय त्यानं बॉल आपल्याकडं असताना मधल्या तिघांकडं बघावं.

तीन-चार सॅकमधी भागलं तर आपण २०-१७ नं जिंकतो असं माझं मन सांगतं. त्याच्यावर गेलं तर हरतो, पण धुलाई होणार नाही, ५१-३१ परत होणार नाही एवढं छातीठोक सांगतो. दहातल्या चार वेळा तरी ही मॅच आपली असंल. आणि चार म्हणजे कमी नाही, एवढ्या वर्षांत ह्या राउंडला येताना मला एवढं पण कधी वाटलं नव्हतं.

डॅझनवर (मॅच दाखवणारं ॲप) गेम पास आहे, जागायलोय. बायकोला सांगितलंय रविवारी सकाळी मला कुठं न्यायचं नाही.

परभणीचा_शेतकरी

लाइट १२ ला येती आमची. म्या पण बघतो. टेक्सन्स.

एमएच२४_टेक्सन (लातूर)

मॅच झाली. २३-१४, हरलो. झोप येणार नाही आता म्हणून लिहायलोय.

स्ट्राउडला आठ सॅक. आठ. ताई, तुम्ही म्हणाला होता तेच झालं, फक्त मधून जोन्सला दोघं-दोघं धरायला गेले आणि बाहेरून कार्लाफ्टिसनं एकट्यानं तीन केले. मिक्सननं ८८ यार्ड काढले, टचडाउन केला, केटीवाल्या भाऊंचा प्लॅन तिसऱ्या क्वार्टरला खरंच चालायला लागला होता, १३-१२ झालं होतं, आणि मग त्याच टचडाउनची जादाची किक हुकली. ती बसली असती तर १३-१३. पहिल्या क्वार्टरला ५५ यार्डांची हुकलेली, चौथ्याला एक ब्लॉक झाली. थंडी आणि किकर म्हणाला होता भाऊ, अक्षरशः तसंच.

आणि डिफेन्सबद्दल कुणी काही बोलायचं नाही. चीफ्सचे सगळ्या मॅचचे २१२ यार्ड, आपले ३३६. महोम्सला त्याच्याच मैदानावर २१२ वर अडवलं ह्या पोरांनी. अँडरसननं दोन सॅक काढले. पहिल्याच किकऑफला त्यांच्या रेमिगिओनं ६३ यार्ड परत आणला आणि वर आपल्याच खेळाडूनं हेल्मेट काढलं म्हणून १५ यार्डांची पेनल्टी, तिथून तीन पॉइंट फुकट दिले. महोम्स घसरत खाली बसला तेव्हा आपले दोघं एकमेकांनाच धडकले, त्याला नीट लागलं पण नाही, तरी फ्लॅग (पंचांनी दिलेली पेनल्टी). आधी अँडरसनवर पण एक फ्लॅग पडलेलाच. तिकडं टीव्हीवर कॉमेंट्री करणारा ट्रॉय एकमन, जो स्वतः क्वार्टरबॅक होता, तो पण चिडला होता. ह्या फ्लॅगमुळंच हरलो असं मी म्हणणार नाही, आठ सॅक खाऊन कुणी जिंकत नाही, पण ते फ्लॅग चुकीचे होते आणि मी ते म्हणणार.

केल्सीचा टचडाउन मात्र मानला. महोम्सला आपल्या गड्यानं धरलेला, खाली पडायला लागलेला, पडता पडता टाकला आणि केल्सी ११ यार्डांवर मोकळा. १३-१२ चं २०-१२ तिथं झालं. तो एक प्ले सोडला तर हातातून काय गेलं ते सगळं आपणच घालवलं.

अंबाजोगाईकर

दादा, मी पूर्ण बघितली. डिफेन्स बघून वाटलं ही टीम पुढच्या वर्षी परत ह्याच राउंडला येणार. २१२ यार्ड म्हणजे गंमत नाही. पण मधले तिघं बदलल्याशिवाय काही नाही.

उदगीर_टू_केटी

इकडं आज सगळीकडं लोक किकरला आणि रेफ्रीला बोलतायत. मला मात्र स्ट्राउडचं वाईट वाटतं. शेवटच्या सॅकला उठायला त्याला किती वेळ लागला बघितलं का.

एमएच२४_टेक्सन (लातूर)

बघितलं. म्हणूनच म्हणतो, एप्रिलात ड्राफ्ट (टीमनं नवे खेळाडू निवडायचा कार्यक्रम) आहे, पहिल्या दिवशी रिसीव्हरची नावं घेणाऱ्यांनी माझ्यापुढं येऊ नका. लाइनमन पाहिजे, एक नाही, दोन. भाऊ, तिकडं लोकल रेडिओवर काय बोलतायत ते ऐकून सांगत जा, गार्डसाठी कुणाचं नाव चाललंय ते आधी.